आतली कड

उद्यमबागेत, पंचिंग मशीनच्या वर
'महिन्याचा उत्तम कामगार':
फ्रेममध्ये अजून मार्चचा लुमाण्णा,
आणि आता श्रावण सरला.

साहेबांनी पुण्याचा माणूस आणलावता.
त्यानं टाळ्या वाजवायला लावल्या,
'मी करू शकतो' तीनदा म्हणवून घेतलं.
वडा तेवढा बरा होता.

मी व्हॉल्व्हच्या आतली कड घासतो.
एकदा जोडणी झाली
की ती कुणालाच दिसायची नाही.

तपासणीला ईरण्णा.
भोकात करंगळी घालून फिरवतो,
डोळे मिटून,
कुणाच्या तरी नाडीवर असल्यासारखा.

काल पेटीतले दोनच नग पाहिले त्यानं,
झाकणावर खडूनं खूण केली.
"साकु," म्हणाला. बास.

खानापूरची शेवटची बस चुकली.
उरलेले अकरा
मी पुन्हा घासत बसलोवतो.