चवीपुरतं

गोळीबार चौकातल्या आमच्या भोजनालयात
एकतीस वर्षं मी एकच काम चोख केलं :
पळीतला थेंब तळहातावर घ्यायचा, फुंकर मारायची, चाटायचा
आणि सांगायचं, घाल अजून चिमूट.
दिवसाला चाळीसदा. लग्नसराईत मोजलंच नाही.
माझा तळहात अजूनही खारट असेल,
कुणी चाटून बघितला तर.

मग फाल्गुनात एकदा चुलीपुढे
भिंत हलली. गंज नाही, धूर नाही, भिंत.

गांधीबागेतल्या डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला,
फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला,
कॉटन मार्केटात काट्यावर भरवसा नसलेल्या बाईसारखा.
वरचा एकशे अठ्ठ्याहत्तर. खालचा एकशे सहा.
"शकुनबाई, खाता काय तुम्ही?"
मी म्हटलं, मी कुठं खाते? मी तर चाखते.
बाईंनी पेन खाली ठेवलं.

वादही घातला मी थोडा.
"उन्हाळा लागलाच आता. पाण्यावानी घाम जाते बाई अंगातून,
मीठ नाई खाल्लं त माणूस टिकन कसा?"
"जाते किती ते सोडा," त्या म्हणाल्या, "भरता किती ते सांगा."
मी मिठाची गुळणी धरली.
तेवढी एकच चालेल, असं वाटलं.

घरी आल्यावर बरण्या मोजल्या. सात.
कैरी, लिंबू, भोकरं, दह्यातल्या मिरच्या,
खारोड्यांचा डबा वेगळाच.
सहा जाऊबाईकडे पाठवल्या. सातवी माळ्यावर चढवली
आणि शिडी पराते काकांना देऊन टाकली.

पहिले पंधरा दिवस जेवण म्हणजे ओला पुठ्ठा.
दुधी माझ्याकडे बघायचा, मी दुधीकडे.
आमचे हे समोर बसून पापड मोडायचे,
हळूच, दोन्ही हातांत दाबून,
मला आवाज येऊ नये म्हणून.
तोच आवाज सगळ्यात मोठा यायचा.

पहाटे गांधीसागरावर जायचं ठरलं.
पहिल्या दिवशी अर्धी फेरी, मग पायरीवर बसकण.
"काहून बसल्या काकू?" दूधवाल्यानं सायकल थांबवली.
"तलाव पाहून राह्यली," मी म्हटलं,
आणि मग खरंच पाहिला.
एकतीस वर्षं इतक्या जवळ राहून
मला त्याचा फक्त वास माहीत होता.

नेमकं कधी, ते लिहून ठेवलेलं नाही.
पण एका दुपारी फिक्कं वरण ओरपताना
त्यात तूर लागली.
तूर! सालीजवळची, किंचित मातकट, मागून गोड.
इतकी वर्षं मीच तिच्या अंगावर पांघरूण घालत होते
आणि म्हणत होते, डाळीला चव नाही आजकाल.

गिऱ्हाइकाचा रस्सा मात्र तोच आहे, खोटं का बोलू.
एकदा मीठ जरा हातचं राखलं,
तर कोपऱ्यातले दोघं पुटपुटले,
काकूचा हात म्हातारा झाला.

आषाढात एकशे चाळीस. खालचा अठ्ठ्याऐंशी.
गोळी आहेच. बाईंनी सोडू दिली नाही, मीही हट्ट केला नाही.

आता चाखायला खेमराज आहे, एकोणीस वर्षांचा.
पळी, तळहात, फुंकर.
"काकू, अजून चिमूट पाह्यजे."
जीभ पक्की आहे पोराची. माझ्यापेक्षा पक्की.
"थुंक," मी म्हणते.
तो हसतो. "अन्नाले कोन थुंकते, काकू?"

मला उत्तर येत नाही.
मी पाण्याचा गडू त्याच्यापुढे सरकवते.
"बरं, उद्या पाचला तलावावर ये."
"पाचला? मी?"

बाहेर अकरा पानं मांडलीत, रस्स्याला तवंग आलाय.
मी चिमूट उचलते,
अर्धी परत डब्यात झाडते.