बांगडीचं माप

आमचा नियम कुठे लिहिलेला नाही.
आहे ती एक बांगडी,
हाजराच्या नातीची, हिरवी, प्लॅस्टिकची,
जत्रेत दहा रुपयांना डझन मिळते तसली.
तिच्यातून तिसरी आरपार गेली
तर ती चिखलाची.
अडकली तर आपली.

रत्नागिरीच्या कॉलेजातनं एक पोरगा आला होता,
चकचकीत माप घेऊन, मिलिमीटर सांगायचा.
तीन सुकतींत खाऱ्या पाण्यानं ते गंजलं.
जाताना बांगडीचाच फोटो काढून गेला.

त्याआधीची वर्षं सांगते.
वरच्या अंगाला रात्रभर वाळूचे पंप घरघरायचे
आणि सकाळी खाडी आजाऱ्याच्या डोळ्यासारखी, गढूळ.
पाटी भरायला पूर्वी एक सुकती पुरायची,
मग दोन, मग चार.
तिसऱ्या इतक्या बारीक
की टोपात नुसती कवचं वाजायची.
बाजारात गिऱ्हाईक वाटा उचलायचं, परत ठेवायचं,
बोलायचं नाही.
ते न बोलणंच लागायचं.

पंपांसाठी तहसील कचेरीत अकरा हेलपाटे घातले.
साहेब दर वेळी नवा.
पंप अजून आहेत, जरा लांब गेलेत इतकंच.

एकदा पाय धुताना रोझालीन म्हणाली,
"ह्यो कोनो सोडून देवया गो. जरा निजांदे तिका."
आम्ही हसलो. खाडी काय तान्हं पोर आहे?
पण पुढच्या उधाणाआधी चार खुंट पुरलेले होते,
मोडक्या वल्ह्यांचे, वर लुगड्याच्या चिंध्या.
नारळी पुनवेपासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत
आत पाय ठेवायचा नाही.
ठेवला तर तिवराच्या पन्नास शेंगा लावायच्या,
गुडघाभर चिखलात, एकटीनं.

पहिला पाय मीच ठेवला.
मुलीला बघायला कणकवलीचे पाहुणे यायचे होते,
आणि त्यांना म्हणे तिसऱ्यांचं सुकं फार आवडतं.
पहाटेच्या काळोखात चिंधी गालाला लागली, ओली.
पाटी अर्धी भरली. कुणी पाहिलं नाही.
पाहुण्यांनी दोनदा मागून घेतलं.
कवचं मी परसात झावळाखाली पुरली.

कावळ्यांना कुठे माहीत आमचा ठराव.
त्यातलं एक कवच
आवडू टिकमच्या कौलांवरून घरंगळत तिच्या अंगणात पडलं.
तिनं ते बैठकीत आणलं,
माझ्यासमोरच्या वहीवर ठेवलं
आणि पदरानं वारा घेत बसली.
वही माझ्याकडेच असते, दंडाची.
मी बांगडी घेतली.
कवच आरपार गेलं.

मग नाव लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं.

पन्नास शेंगा लावल्या.
मुलगी बांधावर उभी, माझ्या चपला हातात घेऊन,
अधूनमधून मोजत, मुद्दाम चुकत.
खेकड्यांनी आणि लाटांनी एकतीस नेल्या.
एकोणीस उभ्या आहेत, मुलीच्या खांद्याएवढ्या.
पाहुण्यांचा निरोप आला नाही.

यंदा बांगडी तडकली.
हाजरानं जाळं विणायच्या दोऱ्यानं बांधली,
तर रोझालीन म्हणते, दोऱ्यानं भोक बारीक झालं,
आता अडकतील त्यातल्या निम्म्या लबाड.
नवी आणूया, एक म्हणाली.
कुठल्या जत्रेतली? कुठल्या मनगटाची? दुसरी म्हणाली.
वाद चढत गेला, खाली पाणी उतरत गेलं.

हाजराची नात आता शाळेत जाते,
दुसरीत आहे, मनगटं भरलीत.
आवडू म्हणाली, "तिची आताची घेवया."
सगळ्या गप्प.
माप वाढलं म्हणजे
निदान एक वर्ष पाट्या पुन्हा अर्ध्याच.
घरोघरचे हप्ते ज्याच्या त्याच्या डोळ्यांत दिसत होते.

वहीत अजून काही लिहिलेलं नाही.
सुकती लागली आहे,
खुंटांच्या बुडाशी बुडबुडे येताहेत एकेक,
आणि पोरगी हात पुढे करून उभी आहे,
साबण लावलेला, म्हणजे बांगडी लगेच निघेल.