बरणी एकेचाळीस

अलाकाईच्या दलदलीत फळ्यांच्या वाटेवर
नोहेआ पुढे, मी मागे,
आणि मध्ये तिची शीळ.
धुकं एवढं, की शीळ थांबली की मीही थांबायचं.
ओलापाचं पान ती करंगळीने उलटते.
वारा नसतानाही थरथरणारं झाड,
त्यात एकच पान दुमडलेलं, टाके घालून बंद,
आत बोटाच्या पेराएवढा सुरवंट,
पाहुण्यांसमोर यायला लाजणाऱ्या पोरासारखा.

खाली कोकेएच्या खोपटात साठ बरण्या.
रोज ताजं पान, रोज लेंड्या झाडायच्या,
रोज तीच नोंद: जिवंत, जिवंत, खातोय, जिवंत.
मग एखाद्या सकाळी तो खायचा थांबतो.
कातडीतून तांदळाच्या कण्यांसारखं काही बाहेर येतं
आणि त्याच्याच कुशीला लागून कोष विणू लागतं.
पोटचं म्हणावं, तर पोटातलंच की.
सुरवंट त्यावर डोकं टेकवून बसतो, राखण करावी तसा.
मी एवढंच लिहिते:
गांधीलमाशी. आजवर अकरा.

ही इथली नव्हे.
माझ्या आजोबांनी आणली.
म्हणजे आणली साहेबांनी, सोडली आजोबांनी,
इसामू तोकिओका, हजेरी क्रमांक बाराशे चार,
खोकी उघडायचे दिवसाला पाच सेंट जास्त.
उसावर लष्करी अळी पडली होती.
माश्यांनी ती साफ केली, ठरल्याप्रमाणे,
फक्त उसाचा बांध त्यांना दिसला नाही.
आता मिल नाही, ऊस नाही, पहाटेचा भोंगा नाही.
माश्या आहेत.
कामावरून काढल्याचं त्यांना कुणी कळवलेलं नाही.

नोहेआला हे मी दोन वर्षं सांगितलं नव्हतं.
सांगितलं तेव्हा ती चिकटपट्टी दातांनी तोडत होती.
म्हणाली, "मग त्यांनाच विचार ना,
कुठल्या कुठल्या वळणावर उघडली खोकी.
नकाशाला लागेल."

आजोबा एक्याण्णव वर्षांचे.
सतरा फुल्या मारल्या, अठराव्याला थांबले.
"खोकं कानाशी धरलं की
भात रटरटल्यासारखा आवाज यायचा.
मला आवडायचा तो."
मग पेन्सिल खाली ठेवली.

नोहेआ वरच्या कड्यावर फांद्यांना तलम जाळ्या बांधते आहे,
जिथे माशी अजून पोचलेली नाही,
निदान आम्हाला तसं वाटतं.
बरणीतून जे पतंग होऊन निघाले ते तिथे सोडायचे.
करडे, धुळकट,
कुणी टपालाच्या तिकिटावर छापणार नाही असे.

एकेचाळीस नंबरची बरणी मी आज हनापेपेला आणली.
तपकिरी कोष, नऊ दिवस तसाच.
आजोबांनी ती दोन्ही हातांत घेतली
आणि मी काही बोलायच्या आत
कानाशी नेली.

शेगडीवर भात रटरटत होता.
मी गॅस बंद केला.