जबड्याला तार

गुरुदासच्या जबड्याला तार आहे.
केरीच्या वळणावर स्कूटर, खडी आणि एक म्हैस.
शुद्धीवर आल्यावर पाटीवर त्याने
पहिला शब्द लिहिला तो 'म्हैस?'
म्हशीला काही झालं नाही, मी म्हटलं.
गोमेकॉतला कोवळा डॉक्टर म्हणाला,
सहा आठवडे फक्त पिता येईल असंच,
आणि वजन उतरू देऊ नका, काकी.

पेज झाली. सोलकढी झाली.
बांगड्याचं हुमण फडक्यातून गाळून दिलं,
तर त्याने डोळे मिटून घेतले
आणि मी आत येऊन घासलेलीच भांडी परत घासली.

लेक फोनवर म्हणाली, आई, स्मूदी कर.
चॉकलेट, पीनट बटर, केळं. सोपं असतं.
पीनट बटर मला ठाऊक आहे गो,
शेंगदाण्यांना मी काही परकी नाही.

दाणे मंद आचेवर भाजले,
अंगणात सुपात पाखडले,
सालं उडत गेली थेट शेवंताच्या तुळशीपर्यंत.
मिक्सरमध्ये आधी कूट होतं,
कूट भांड्याला चिकटून बसतं,
ते चमच्याने खाली ढकलायचं, परत फिरवायचं,
कंटाळा येईपर्यंत, आणि कंटाळ्याच्या पुढे थोडं.
मग दाणे आपणहून तेल सोडतात.
तोवर कोणी मध्ये काही घालू नये.

केळी डिचोलीच्या बुधवारच्या बाजारातली.
मोयऱ्याची नकोत, एका केळ्यात माणूस जेवतो.
साळदाटीला मागून आंबट टोक येतं.
रसबाळी घेतली, काळे ठिपके पडलेली,
बाई म्हणाली, आज संपव हां, उद्यावर ठेवू नको.

कोकोचा डबा भाच्याने बोटीवरून आणलेला.
दोन वर्षं आम्ही तो उघडलाच नव्हता,
पाहुणे येतील म्हणून.

हेही सांगायला हवं
की अपघाताआधी नऊ दिवस आमचा अबोला होता.
काजूच्या टेकडीवरून.
गिऱ्हाईक पांढऱ्या गाडीतून आलं होतं.
तो म्हणाला विकू, मी म्हटलं नाही,
त्यानंतर दोघं जे बोललो ते इथे लिहीत नाही.
आता तो बोलूच शकत नाही,
त्यामुळे अबोला सुटला की चालूच आहे
हे मला कळत नाही.

दूध ओतलं. केळी मोडून टाकली, दोन चमचे कोको,
दाण्यांचं ते तपकिरी लोणी बोटाने निपटून.
तीन गिरक्या झाल्या आणि वीज गेली.
घर एवढं गप्प झालं की
खोलीतून पाटीवर पेन्सिल आपटल्याचं ऐकू आलं,
टक टक. काय झालं?
थांब, म्हटलं. लाइट गेली.
झाकण काढून बघते तो अर्धी केळी तशीच,
आणि नेमकी तेव्हाच वीज आली. बटण चालूच होतं.

भिंतीवर, माझ्या चष्म्यावर,
कॅलेंडरात चतुर्थीच्या चौकोनावर.
खोलीतून आवाज आला, हुंकार म्हणावा असा.
जाऊन पाहिलं, तर तो नाकाने हसत होता,
डोळ्यांतून पाणी, हाताने जबडा धरलेला,
हसवू नको म्हणून मलाच खुणावत.

उरलं ते पेलाभर.
दाढेमागच्या फटीतून नळी घातली.
एक घोट, दुसरा घोट, मग थांबला.
त्याने पाटी ओढली.
मी मनात उत्तर तयार ठेवलं, टेकडीचं,
बारा दिवस तेच घासून ठेवलं होतं.
त्याने लिहिलं, 'मीठ'.

चिमूटभर घातलं, ढवळलं.
मीही एक चमचा चाखून पाहिला.
बरोबर होतं त्याचं. गोडाला आता बूड आलं होतं.

पेला संपल्यावर त्याने आणखी काहीतरी लिहिलं,
लांबलचक, दोन ओळी,
आणि मी चष्मा पुसून येईपर्यंत
कोपराने पुसूनही टाकलं.
एक काना राहिला होता, आणि अर्धी वेलांटी.
काय होतं, विचारलं.
त्याने मान हलवली. उद्या, असं काहीसं.

मी आत आले.
भांड्याच्या तळाशी थोडं लागलेलं होतं.
ते उभ्यानेच खाल्लं,
पात्याच्या कडेने बोट फिरवत,
जपून.