वेणी

चपलेवर बसवतात तिलाही वेणीच म्हणतात.
म्हणून लग्नाकार्यात कुणी विचारलं, काय करतेस गं,
की मी सांगते, वेण्या घालते.
मग त्या बघतात माझ्या डोक्याकडं,
घट्ट गुंडाळलेल्या स्कार्फाकडं,
आणि वाढप्याला हाक मारतात. जिलेबी घे, म्हणतात.

सुभाषनगरात आमच्या गल्लीत
सकाळी कट्ट्यावर पाच-सहा जणी बसतो.
बकऱ्याचं कातडं, दोऱ्याएवढं बारीक कापलेलं,
एक टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं
आणि बोटांनी तीन पेडी, सात पेडी,
जी ऑर्डर असेल ती.
डझनाचा हिशेब शनिवारी.

चाई पहिल्यांदा चार आण्याएवढी होती,
कानामागं.
हौसाक्का म्हणाली, झुरळानं खाल्लं असंल, गुंज उगाळ की.
उगाळली. कांदा चोळला.
नवऱ्याच्या मावशीनं नवस बोलला, मला न विचारता.
चार आण्याचे आठ आणे झाले,
मग एका उन्हाळ्यात सगळी चिल्लर मिळून
बंदा रुपया.

नंतर भुवया. नंतर पापण्या.
नाकातलेही जातात, हे कुणी सांगत नाही.
ताटात रस्सा यायच्या आधीच नाक वाहायला लागतं.
आणि भुवया कशाला असतात
ते मला मे महिन्यात कळलं,
कपाळावरचा घाम सरळ डोळ्यांत उतरला तेव्हा.

राजारामपुरीतल्या इंगवले डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
नवी गोळी आली आहे.
तुमचं रक्तच तुमच्या केसांवर उठलंय,
गोळी त्याला गप्प बसवेल.
पण राखणदार गप्प बसला
की चोरांनाही वाट मोकळी.
म्हणून आधी क्षयाची तपासणी, काविळीची, चरबीची,
मग ठरल्या तारखेला हातात सुई.
लागू पडेलच असं नाही.
आणि बंद केली तर आलेले परत जातील.
एवढं खरं बोलणारं माणूस
इतक्या वर्षांत पहिलंच भेटलं.
मी पैसे टाकले ते गोळीवर नाही, त्या बोलण्यावर.

नवरा म्हणाला, सहा महिने बघूया.
त्यानं जुनं शिलाई मशीन विकलं
आणि गल्लीत सांगितलं, बिघडलं होतं.

पहिला महिना, काही नाही.
दुसरा, तोंडभर पुटकुळ्या,
चौतिसाव्या वर्षी कॉलेजच्या पोरीसारख्या.
तिसऱ्यात, रंकाळ्यावर भेळ खाताना
समृद्धी म्हणाली, आई, थांब. हलू नको.
मोबाईलची बॅटरी माझ्या कपाळावर.
डावी भुवई. एक.
पांढरा, बाळाच्या लवेसारखा.
भेळवाला डाव तसाच धरून बघत राहिला.
तिनं हळूच फुंकर घातली.
हलला, म्हणाली.

आता गल्लीत सगळ्या विचारतात, कसं काय?
काय सांगू. टाळूवर दोन जागी लव आहे,
उजवी भुवई अजून रिकामी.
आरशात माझं निम्मं तोंड चकित झालेलं दिसतं,
निम्म्याला अजून बातमी पोचलेली नाही.

आणि एक गोष्ट, जी डॉक्टरीणबाईंनाही बोलले नाही.
रात्री दार लावून स्कार्फ काढला
की पंख्याचा वारा डोक्यावर जिथं जिथं फिरतो
ती जागा अन् जागा मला ठाऊक झालीय.
केस आले तर ते जाणार.
हे मनात आलं आणि मी स्वतःवरच चिडले,
उठून उद्याची गोळी पेल्याजवळ काढून ठेवली.

काल एका वेणीत केस सापडला.
तोकडा, पांढरा, पेडात अडकलेला.
चुन्यातून निघताना राहतो कधी कधी
बकऱ्याचा एखादा.
हौसाक्का नखानं उपटायला गेली.
मी म्हटलं, असू दे गं.
ती बघत राहिली माझ्याकडं,
मग काही न बोलता डझनात टाकली.

सहा नंबर, बायकी.
कुणाच्या पायात जाईल कोण जाणे.