इतर

ओडेसा प्रुइट बाई चष्म्यावरून बघतात
आणि विचारतात, वही कुठाय?
टॉलिडो, लायब्ररीचं तळघर, मार्चचा तिसरा शनिवार.
हीटर खोकतोय, जिन्यावर ओल्या बुटांचे ठसे.
मी खोका पुढे सरकवतो.
पेट्रोलच्या पावत्या, शाई उडालेल्या,
दोन टायर, एक वायपर, गाडी धुतल्याची सतरा बिलं,
एका प्रवाशाच्या ओकारीनंतरचं वेगळं, मोठं.
वही नाही.

बाईंनी एकतीस वर्षं गणित शिकवलं.
त्या ओरडत नाहीत, पेन्सिलीला टोक करतात.
एमेट, ज्याची नोंद नाही
तो मैल फक्त तुझ्या टायरांना ठाऊक,
आणि टायरांची साक्ष कुणी घेत नाही.

मग आम्ही गेलेलं वर्ष वेचायला बसतो.
ऑइल बदलल्याच्या पावतीवर २ जानेवारीचा आकडा सापडतो :
अठ्ठ्याऐंशी हजार चारशे बारा.
डिसेंबरचा माझ्याच फोनमध्ये.
एकतीसच्या रात्री, बाराला पाच कमी, बर्फात थांबलेलो,
डॅशबोर्डचा फोटो कुणाला तरी पाठवायला काढला
आणि पाठवला नाही :
एक लाख एकोणीस हजार सदुसष्ट.
वजाबाकी करताना बाईंचे ओठ हलतात.
तीस हजार सहाशे पंचावन्न.

अ‍ॅपला त्यातले अठरा हजार दोनशे दहाच माहीत,
मागे कुणी बसलेलं होतं तेवढेच.
बाकीचे बाई फोनच्या नकाशावर दिवसागणिक शोधतात :
विमानतळावरून एकट्याने परतणं,
बेसबॉल सुटेपर्यंत घातलेल्या घिरट्या,
'दोन मिनिटांत आले' म्हणून कधीच न आलेल्या बाईपायी
गल्लीला मारलेल्या तीन चकरा.
हे धरतात?
अ‍ॅप चालू होतं ना? मग धरतात.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी
माझं वाट बघणं कामात धरलं.

तरी भरायचा आकडा येतो तो येतोच.
काचेच्या कारखान्यात होतो तेव्हा
अर्धा वाटा मालक भरायचा, अर्धा माझ्या पगारातून
न दिसता जायचा.
आता मालक मी, नोकरही मी,
दोघांचे खिसे एकाच पँटला.
एप्रिल, जून, सप्टेंबर, जानेवारी.
यांच्या तिमाह्याही सारख्या नाहीत,
एक दोन महिन्यांची, एक चार;
जूनचा हप्ता नेहमी चोरपावलांनी येतो.
शंभर आले की पंचवीस बाजूला टाक, बाई म्हणतात,
तुझे नव्हतेच असं समज.
घटस्फोटात घराबद्दल वकीलही हेच म्हणाला होता.

शेवटी तीन रकाने.
धंद्याचे मैल. कामावर जाण्यायेण्याचे. इतर.
पहिल्यात एकोणतीस हजार तीनशे एकोणपन्नास.
दुसऱ्यात शून्य; मी दारातूनच कामावर असतो.
तिसऱ्यात उरतात तेराशे सहा.

हे कुठले? बाई विचारतात.
फॉर्मला नुसता आकडा पुरतो. तरी विचारतात.
मी बोटांवर मोजतो.
दाताचा डॉक्टर, दोनदा.
किराणा. लाँड्री.
सँडस्कीला पोरीची पदवी, जाऊन येऊन एकशे वीस,
केक मांडीवर नाही, शेजारच्या सीटवर, पट्टा लावून.
आणि ऑगस्टमधला एक मंगळवार.
अ‍ॅप बंद केलं आणि ईरीच्या काठाकाठाने
पूर्वेला जात राहिलो, कशाला ते आठवत नाही.
मागे कुणी नव्हतं. आरशात एकदाही बघितलं नाही.
त्या दिवसाचे एकशे एक्क्याऐंशी.

एवढेच? असं त्या म्हणत नाहीत.
लिहितात : इतर, तेराशे सहा,
आणि आकड्याखाली, कुणी न मागितलेली,
पेन्सिलीची एक बारीक रेघ ओढतात.

बाहेर गाडीची काच गोठलेली.
मांडीवर वही, त्यांनीच दिलेली, चौकटींची, शाळेतली.
किल्ली फिरवण्याआधी आजचा आकडा लिहितो.
तारीख लिहितो.
'कारण' पाशी पेन थांबतं.
घरी जायचंय की अ‍ॅप लावायचंय
अजून ठरलेलं नाही.