हात लावायला परवानगी आहे

शनिवार-रविवार, दहा ते पाच.
बारा वर्षांखाली फुकट,
म्हणून आमचा सृजन तिकिटाच्या खिडकीपुरता
परत अकरा वर्षांचा झाला.

विडी घरकुलातून दोन गाड्या बदलून आलो आम्ही:
मी, दोन पोरं आणि अम्मा.
अम्मा नकोच म्हणत होती.
"मेलेली जनावरं बघायला पैसे कशाला घालवायचे?"
पण घरी ठेवली तर रविवारीही
सूप मांडीवर घेऊन बसेल,
म्हणून आणली.

जुन्या गिरणीचं कापूस-गोदाम.
वाशांच्या सांध्यात अजून कापूस अडकलेला,
खाली आता आपल्या जिल्ह्याचा माळ मांडलाय.
कुसळीच्या गवतात एक काळवीट, कानाशी उसवलेला.
एक लांडगा, जिवंतपणीच इतका बारीक असावा
की पेंढा भरणाऱ्यानं हात आखडता घेतला.
आणि माळढोकाच्या जागी माळढोक नाही.
चौथरा आहे, पावलांच्या दोन खुणा आहेत,
एक बटण आहे.
दाबलं की कुणीतरी लांबवर
रिकाम्या रांजणात तोंड घालून घुमल्यासारखं होतं.
अक्षितानं सात वेळा दाबलं.
"तो कुठं गेलाय?"
माहिती सांगणारी पोरगी, बिल्ल्यावर प्रणोती,
जरा थांबली.
"नान्नजला पुष्कळ असायचे. आता वाट बघतोय आम्ही."
तर अक्षिता तिथंच फरशीवर मांडी घालून बसली.
वाट बघायची म्हणजे बसायचं,
तिला एवढंच ठाऊक.

सृजन तिकडं एका बाटलीशी.
"ही खरंच लांडग्याची शी आहे की?"
खरंच होती. आत शेळीचे केस.
वर्षभर धडा न वाचणाऱ्यानं
ती चिठ्ठी तीनदा वाचली.

टेबल नंबर सात. पाटी: हात लावायला परवानगी आहे.
सापाची कात, साळिंदराचा काटा,
विहीर खणताना निघालेला, पोटात काच पिकलेला काळा दगड.
आणि ओल्या फडक्याखाली पानं.
डोळे बांधायचे, पान ओळखायचं.
पोरांनी अम्मालाच पुढं ढकललं.

लिंब तिनं नाकानं ओळखला.
पळसाला म्हणाली, पत्रावळ.
तिसरं पान हातात आलं
आणि बोटं तिला न विचारताच कामाला लागली:
देठ खुडला, शीर चिमटीत दाबली,
तंबाखू नसतानाही तळव्यावर पान वळलं,
तोंड मुडपलं,
दोरा शोधायला डावा हात हवेत गेला.

"तुनिकाकु."
"नाही काकू, हे टेंभुर्णी," प्रणोती म्हणाली,
"तेंदू म्हणतात ना, ते. याची फळं पिवळी,
चिकूएवढी. अस्वलं तुटून पडतात."

अम्मानं पट्टी वर सरकवली, एकाच डोळ्यावरून.
"फळ येतं याला?"

एकेचाळीस वर्षं. दिवसाला हजार.
पान यायचं ते पुड्यात बांधून, वजन करून,
कुठल्या गावचं, कुणी तोडलं, कोण विचारणार?
झाड असेल असं कधी मनातच आलं नाही.

भिंतीवर फोटो होता.
काळी साल, मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटीची.
काळवीट, लांडगा, सगळं तिनं चालता चालता पाहिलं होतं.
इथं पिशवी खाली ठेवली.
"एवढं उंच," म्हणाली,
कुणाला ते कळलं नाही.

मंगळवारी तिची विडी एक कमी भरली.
पान फाटकं निघालं म्हणाली.
फाटकं नव्हतं.
अक्षिताच्या भूगोलाच्या वहीत आहे ते,
शाईच्या डागाशेजारी,
खाली वाकड्या अक्षरात:
नाव तुनिकाकु. साल मगर.
फळ पिवळं. चव
आणि पुढं जागा सोडलीये,
चांगली दोन ओळींची.